पुलापाशी थांबणारा

आमच्या गेममधला नायक प्रत्येक पुलापाशी क्षणभर थांबतो, म्हणून आम्ही मुलं राहतो त्या खोलीवर तो कुणालाच आवडत नाही. काल माझ्याबरोबर राहणाऱ्या संतोषने घाईत बटणं दाबली आणि नायक पुन्हा दरीत पडला. "भित्रा आहे लेकाचा. गेमच काढून टाकतो," संतोष वैतागला.

"एकदा मला दे," म्हणत मी कंट्रोलर घेतला. नायक थांबला तसा कंट्रोलर हातात धडधडू लागला. अरे, ही तर त्याच्या छातीतली धडधड!

शाळा सोडून बंगळुरूला बांधकामावर आलो, तेव्हा लिफ्टच्या खोल पोकळीवरच्या फळीपाशी मीही असाच थांबलो होतो. मिस्त्री ओरडले नाहीत. सावकाश येऊ दिलं. घाबरलेला माणूस पाय रोवायलाच थांबतो, हे त्यांना ठाऊक होतं.

मी बटण दाबलंच नाही. धडधड ओसरली, नायक आपणहून निघाला आणि पलीकडे पोचला.

"बटण न दाबता कसा गेला?" संतोष म्हणाला.

"थांब जरा," मी म्हणालो, "पुढचा पूल येतोय."