नंदाच्या नावाआधीचं डॉक्टर

माझी लेक मेल्यावर तिच्या बापाला कळलं, ती डॉक्टर होती.

आज नंदाला जाऊन वर्ष झालं. गंगापूर रोडला आमच्या सोसायटीच्या गेटवर भला मोठा फ्लेक्स लागलाय. प्रथम पुण्यस्मरण. तिच्या बापानेच लावलाय.

मला अक्षर येत नाही. मी बोलतेय, नंदाची सई टाइप करतेय. तिला सांगून ठेवलंय, आजोबांसाठी एकही शब्द गोड करायचा नाही.

फ्लेक्सवर नंदाचा पदवीदानाचा फोटो आहे, काळ्या झग्यातला. त्यात शेजारी मी उभी होते. मला कापलं. माझा खांदा तेवढा उरलाय.

खाली ‘शोकाकुल’ म्हणून आमचे हे, हात जोडून. चेहरा लेकीच्या चेहऱ्याहून मोठा.

त्यांच्या बाजूला यंदा निवडणुकीला उभा राहणारा एक जण. त्याने नंदाला कधी पाहिलंही नव्हतं. हात त्यानेही जोडलेत.

नंदा दहावीला शाळेत पहिली आली, तेव्हा हे म्हणाले, शाळाच केवढीशी आहे.

बारावीला कॉलेजात पहिली आली. तर म्हणे, हल्ली बाकीची पोरं अभ्यासच करत नाहीत.

आमचा पोरगा प्रकाश बारावीला दुसऱ्या खेपेला कसाबसा सुटला. तेव्हा ह्यांनी ओझरच्या फॅक्टरीत डिपार्टमेंटभर पेढे वाटले. बँड तेवढा राहिला.

पोरगी शिकतच राहिली. लग्न झालं, सई झाली, कॉलेजात शिकवायला लागली. तरी सुट्टीच्या दिवशी द्राक्षाच्या बागा फिरून मातीच्या पिशव्या भरून आणायची. त्या मातीवर पीएचडी करत होती.

मी एकदा विचारलं, बाई गं, शिकशील तरी किती?

म्हणाली, “आई, बाबा दहावीलाच शाब्बास म्हणाले असते ना, तर मी तेव्हाच थांबले असते.”

आणि हसली. मला काही हसू आलं नाही.

पीएचडी झाली त्या दिवशी पुण्याहून सासरी न जाता आधी आमच्याकडे आली. चपलासुद्धा काढल्या नाहीत. दारातूनच म्हणाली, “बाबा, झाले मी डॉक्टर.”

हे मॅच बघत होते. मान न वळवता म्हणाले, “बरं झालं. आईला जरा चहा टाकायला सांग.”

मी टाकला. एकच कप, नंदापुरता. ह्यांना सांगितलं, दूध संपलं.

शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलमध्ये नर्सने फाइल बघून विचारलं, मॅडम डॉक्टर आहेत का?

नंदा जागी होती. तिने बापाकडे पाहिलं.

हे म्हणाले, “छे हो, खरी नाही. मातीची डॉक्टर.”

पोरीने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या खोलीतून ती घरी आली नाही.

आणि आज फ्लेक्सवर नावाआधी डॉ. लाल रंगात, उठून दिसेल असं.

येणारेजाणारे म्हणतात, काका, लेकीला केवढं शिकवलंत तुम्ही. हे मान डोलावतात.

शिसारी येते मला.

सकाळी ह्यांना गेटपाशी नेलं. म्हटलं, अहो, काय लिहिलंय ते वाचून दाखवा.

“सईने दाखवलं ना वाचून?”

“तिने दाखवलं. तुम्ही नाही.”

काहीतरी पुटपुटले. म्हटलं, मोठ्याने. मॅचमध्ये विकेट पडल्यावर ओरडता तेवढ्या आवाजात.

“डॉक्टर नंदा...”

तिथेच अडकले. डोळ्यांत पाणी. वॉचमनने खुर्ची आणून दिली. शेजारच्या बायका हळहळल्या, शेवटी बाप आहे हो.

मला दया आली नाही. दोन शब्द होते. पोरगी दारात उभी होती तेव्हा जिभेला जड झाले, आणि आता गेटवर, चार लोकांसमोर सुटले.

खुर्चीत बसून मला विचारतात, “आता तरी समाधान झालं का तुझं?”

म्हटलं, “मला कुठे हवं होतं? जिला हवं होतं, तिचं आज वर्षश्राद्ध आहे. उठा, पानं वाढायची आहेत.”

डॉक्टर नंदाबाई, तुमच्या आईचा रामराम घ्या.