नूरीची उजवी बाजू

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. डोलवीकडे एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. लाइट गेली की कुठेतरी वायर तुटलेली असते, फ्यूज उडालेला असतो, आणि शोधला की फॉल्ट सापडतो... आयुष्यभर हेच केलं. या ग्रुपवरचे अनुभव मी चहा पिताना वाचतो आणि बहुतेकांवर हसतो. तुम्हीही माझ्यावर खुशाल हसा, फक्त शेवटपर्यंत वाचा.

पेणहून नागोठण्याकडे निघालात की गडब लागतं. तिथून आत कासूच्या बाजूला, खाडीच्या बांधाला लागून माझा मित्र इस्माईल याची वडिलांच्या वेळची जमीन आहे. शाळेत आम्ही एका बाकावर. पुढे मी कंपनीत चिकटलो, तो आखातात गेला – एका श्रीमंताच्या तबेल्यात घोडे सांभाळायला. उमेदीची सगळी वर्षं तिकडे घालवून परत आला तो एकच इच्छा घेऊन. "सुऱ्या, लोकांच्या घोड्यांची बालंतपणं लय केली. आता आपल्या घोडीचं शिंगरू आपल्या जमिनीवर उभं रायलेलं बघायचंय."

भराव टाकून त्याने पत्र्याचा तबेला उभारला, तीन घोड्या आणल्या. शिफ्ट सुटली की मीही तिकडेच. बायको म्हणायची, तुमची दोन लग्नं झालीत, एक माझ्याशी आणि एक त्या तबेल्याशी. गावातले विचारायचे, नवरदेव कधी बसवताय? बसवतोय कसले... खाऱ्या चिखलात घोड्यांचे खूर कुजायचे, गोमाश्या पाठ सोडायच्या नाहीत, एक घोडी तर पोटात दुखून डोळ्यांदेखत गेली. तरी इस्माईल रोज पहाटे खरारा करायला हजर, कारण तांबडी नूरी गाभण होती. तिचं वय झालं होतं. ती व्याली तरच त्याचं आखातातून येणं कारणी लागणार होतं.

शिंगरू आडवं आलं. पेणहून डॉक्टर मॅडम आल्या, त्यांनी शर्थ केली, पण ते मेलेलंच बाहेर पडलं. काळंभोर, कपाळावर पांढरा टिक्का. इस्माईलने गोणपाटाने त्याला पुसून काढलं, जिवंत असल्यासारखं, अगदी कानांच्या आतून.

घोडेवाल्यांची एक रीत आहे. मेलेलं शिंगरू आईसमोर ठेवतात. ती हुंगते, चाटते आणि मग आपणहून तोंड फिरवते. त्यानंतरच ते उचलायचं. म्हणजे तिला कळतं, ती शोधत बसत नाही. पण नूरी शुद्धीवर नव्हती, सलाइन चालू होतं. मॅडम म्हणाल्या, घोडीच वाचतेय की नाही ते बघा आधी. ऊन चढत होतं आणि बांधावर कुत्री जमली होती. आम्ही ते कुरणातल्या जुन्या, मोठ्या भेंडीच्या झाडाखाली पुरलं. संध्याकाळी नूरी उठली आणि तबेल्याचा कोपरा न् कोपरा शोधत फिरली. इस्माईल तिच्या मागे मागे. ते मला बघवलं नाही.

दोनेक दिवसांत अलिबागच्या एका टांगेवाल्याचा फोन आला. त्याची घोडी व्याल्यावर लगेच मेली होती, शिंगरू बाटलीला तोंड लावत नव्हतं. ते दूध पिण्यापुरतं आमच्याकडे आलं. इस्माईलने ते गोणपाट जपून ठेवलं होतं, ते या शिंगराच्या पाठीवर बांधलं. नूरीने हुंगलं, जरा थांबली, आणि पिऊ दिलं. आम्ही दोघे बाप्ये माणसं गवताच्या भाऱ्यावर बसून रडलो.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. पुढचं नाही.

घोडीला दोनच सड असतात. हे शिंगरू फक्त डाव्या बाजूने प्यायचं. मग उजवी कास दगडासारखी व्हायला हवी. इस्माईल रोज हात लावून बघायचा – मऊ. सड ओला. मी म्हटलं, दोन्हीकडून पीत असेल, तुझं लक्ष नसेल. एका रविवारी मी बादली उपडी टाकून दिवसभर समोर बसलो. शिंगरू डावीकडेच प्यायलं, दर वेळी. ते बाजूला झालं की नूरी मागचा पाय जरा सरकवायची, उजवीकडे मान वळवायची आणि शिंगराच्या पाठीच्या उंचीवर, मोकळ्या हवेत, हुंगत उभी राहायची. फाटकातून चरायला जाताना अर्ध्यावर थांबायची. टांगेवाल्याचं शिंगरू केव्हाच पुढे गेलेलं असायचं, ही मागे बघत उभी. मग मागचं कुणीतरी येऊन पोचल्यासारखी निवांत चालायला लागायची. इस्माईलही तेवढा वेळ फाटक धरून ठेवायचा.

चारा खाऊ लागल्यावर टांगेवाला शिंगरू घेऊन गेला तेव्हा नूरी एकदा खिंकाळली, बस्स. डावी कास सुजली आणि रीतसर आटली. उजवी आटेना. मॅडमना पटेना, त्यांनी दोनदा तपासलं. म्हणाल्या, दूध चालू राहिलं तर ही लवकर गाभण राहणं कठीण, आणि वय बघता आता वेळ नाही. दूध तोडायची पद्धत एकच – आईला लांब न्यायचं, एकमेकांचा आवाज ऐकू येणार नाही इतकं.

इस्माईल तयार नव्हता. "कुणाचं दूध तोडायचं, सांग ना."

मी म्हटलं, "कुणाचंच नाय, म्हणून तर तोडायचं. पुढच्या शिंगराचा इचार कर."

टेम्पो मीच ठरवला. नूरी इस्माईलच्या बहिणीकडे रोह्याला गेली. हमरस्ता लागेपर्यंत खिंकाळत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी भरायला गेलो. शेजारच्या शेतातली काशीबाय बांधावरून म्हणाली, "सुरेशदादा, शिंगराला दूध नाय का पाजलं? सकालपासून वरडतंय."

मी म्हटलं, "शिंगरू अलिबागला गेलं. कवाच."

"मंग ह्ये काय?" ती म्हणाली.

आणि मी ऐकलं. मोकळ्या कुरणातून, भेंडीच्या बाजूने. बारीक, चिरका, शिंगराचाच आवाज. तबेल्यात उरलेली एकटी घोडी कान टवकारून तिकडेच बघत होती. कुरणात गवताशिवाय काही नव्हतं. मी बांध पालथा घातला, रेल्वेलाइनपर्यंत जाऊन आलो. जवळ गेलं की आवाज जरा पुढून यायचा. फॉल्ट सापडला नाही.

इस्माईलला सांगायची गरज पडली नाही, तो आधीच ऐकून बसला होता. घमेल्यात दूध घेऊन भेंडीखाली गेला, तोंडाने चुचकारत राहिला. दूध तसंच नासलं. रोज आवाज कमी कमी होत गेला. मी म्हटलं, टेम्पो बोलावू, आणू नूरीला. पण ती तिकडे तापाने पडली होती, हलवू नका असं सांगितलं होतं. मग एका सकाळी आवाज आलाच नाही.

"दुसऱ्यांदा मारलं आपण त्याला," इस्माईल म्हणाला. "या वेळी उपाशी." माझ्यावर ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

बरी होऊन नूरी परत आली. उजवी कास आटली होती. टेम्पोतून उतरली आणि फाटकातून न थांबता सरळ आत गेली, तबेल्यात जाऊन चंदी खायला लागली. इस्माईल फाटक धरून उभाच होता. मला वाटलं विसरला, म्हणून मी लावायला गेलो, तर त्याने माझा हात बाजूला केला.

नूरी पुन्हा गाभण राहिली नाही. ज्या शिंगरासाठी हे सगळं केलं ते आलंच नाही.

तुम्ही विचाराल, मग तो आवाज कसला? मला माहीत नाही. पक्षी म्हणा, वारा म्हणा, आम्हा तिघांच्या मनाचे खेळ म्हणा... मी वाद घालणार नाही. मी तेव्हा खरं-खोटं ठरवायच्या मागे लागलो होतो. त्यापेक्षा त्या मायलेकरांना अजून चार महिने तसंच राहू दिलं असतं तर कुणाचं काय बिघडणार होतं? तुमच्यापैकी कुणाच्या गोठ्यात, तबेल्यात अशी आई असेल तर हात जोडून सांगतो, कोण पितंय ते बघायला जाऊ नका. पिऊ द्या त्याला.