रोवणीतल्या गोळ्या

"गॅस्ट्रिक अल्सर आहे, आणि तो ब्लीड करतोय," चांद्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने मले व्हरांड्यात सांगितलं. मी तिच्या तोंडाकडे पाहत राह्यलो. मग तिने साध्या भाषेत सांगितलं. जठर म्हणजे अन्नाची पिशवी. त्या पिशवीले आतून जखम झाली अन् जखमेतून रक्त वाहून राह्यलं.

"शौचाचा रंग कसा होता? काळा, डांबरासारखा?"

मले सांगता आलं नाई. आमच्या बुढीलेही आलं नाई. आमच्या गावात बाया उजाडायच्या आत लोटा घेऊन जातात. उजाडलं की दिवसभर लाजेकाजेने पोट दाबून काम करतात. अंधारात रंग कोण पाहणार?

मी सावली तालुक्यातल्या खेड्यातला. चौथीपर्यंत शाळा शिकलो. माझी बायको भागरथा गेली, तिच्या मागं हे लिहून राह्यलो. दुसऱ्या कोणाच्या घरी असं होऊ नये, एवढंच.

भागरथाचे गुडघे चार-पाच सालांपासून दुखत होते. रोवणी म्हणजे दिवसभर चिखलात वाकून धानाचे परे, म्हणजे रोपं, लावायचे. आमच्याकडे बाया टोळी करून गुत्त्यानं, म्हणजे ठेक्यानं, रोवणी घेतात. एक बांधी, म्हणजे धानाच्या शेताचा तुकडा, लवकर संपवली तर दुसरी भेटते. म्हणून दुपारच्या चहासंगं टोळीची मुकादमीण कौसाबाई सगळ्यांच्या हातावर एकएक लाल गोळी ठेवे. किराणा दुकानात बिडी-काडीच्या बाजूलेच त्या गोळ्या सुट्या भेटत.

"घे वं बुढे, गोळी खा अन् जवान हो," कौसाबाई म्हणे.

"जवान झाली तर बुढा घरात ठेवणार नाई मले," भागरथा म्हणे, अन् साऱ्या बाया हासत.

गोळीनं खरंच आराम पडे. हे खोटं नाई. संध्याकाळी ती ताठ चालत घरी ये. मग ती सकाळी एक, दुपारी एक अशी घेऊ लागली.

त्या साली तिनं वर्षावासात उपोसथ धरले. आम्ही बौद्ध. पावसाळ्याचे तीन महिने विहारात संध्याकाळी ग्रंथाचं वाचन होते. काही बाया अष्टमी-पौर्णिमेले अष्टशील पाळतात, म्हणजे दुपार टळल्यावर जेवत नाई. भागरथाले पुण्याची घाई झाली होती. ती रोज पाळू लागली. सकाळी बांधीवर जायची घाई, तेव्हा अर्धी भाकर. दुपारी डबा सोडेपर्यंत सूर्य डोक्यावरून उतरलेला, मंग डबा तसाच घरी ये. पण चहा अन् गोळी घे.

मी म्हटलं, "हे चालते का तुझ्या उपोसथाले?"

"औषध चालते जी. अन्न चालत नाई. गोळी काय अन्न हाये?"

तिचं बोलणं नियमाला धरून होतं. विहारातल्या कोणीही हेच सांगितलं असतं.

मंग छातीखाली जळजळ सुरू झाली. ती म्हणाली, भूक लागते म्हणून जळते. तोंड पांढरं पडलं. घरचा उंबरा चढताना धाप लागू लागली. आम्ही म्हटलं, रोवणीचा थकवा. एक दिवस बांधीतच ती खाली बसली अन् चहाच्या गाळासारखी उलटी झाली. बायांनी तिले खाटेवर टाकून रोडवर आणलं. सावलीच्या डॉक्टरनं डोळ्याची पापणी ओढून पाह्यली अन् गाडी करून चांद्याले पाठवलं.

तिथं तिचं हिमोग्लोबिन तपासलं. हिमोग्लोबिन म्हणजे रक्ताचा कस. पाहिजे त्याच्या निम्म्याहून कमी निघाला. नाकातून पोटापर्यंत नळी टाकली. डॉक्टरीणबाई म्हणाली, बर्फाचं पाणी सोडून रक्त थांबवून पाहू. पण दवाखान्यातला बर्फ संपला होता. मी बर्फाच्या कारखान्यातून भुशात गुंडाळलेली लादी सायकल रिक्षात आणली. सिस्टरनं भुसा धुतला, बर्फ फोडला. ते थंडगार पाणी नळीतून आत जाई अन् लालसर होऊन बाहेर येई. हे दिवसभर चाललं.

भागरथा नळी नाकात असतानाच म्हणाली, "लहानपणी बर्फाची कांडी भेटली नाई. आता पाह्य कशी नाकातून देऊन राह्यले."

रक्त लागलं. नातेवाईक व्हरांड्यात बसले होते, ते एकएक करून चहाले गेले. रक्त देल्यानं माणूस कायमचा कमजोर होते असं त्यायले वाटे. जावयानं देलं. त्याचं जुळलं. तो आजही नांगर धरते, हे मुद्दाम सांगतो.

पाणी हळूहळू साफ येऊ लागलं. रक्त थांबलं. तिनं दूध मागितलं. मी जावयाले म्हटलं, आता घरी नेऊ.

डॉक्टरीणबाईनं तेव्हाच मले गोळीचं समजावून सांगितलं. "ही अँटी-इन्फ्लमेटरी गोळी आहे, म्हणजे सूज उतरवणारी. ती दुखणं कमी करते, पण पोटाला आतून जो चिकट लेप असतो तोही कमी करते. मग पोटातलं ॲसिड पोटालाच खातं. रिकाम्या पोटी आणि म्हातारपणी धोका जास्त. जखम दुखेलच असं नाही, कारण दुखणं गोळीनं दाबलेलं असतं. आत सांडलेलं रक्त काळं होऊन शौचातून जातं. त्याला मेलिना म्हणतात."

पण दुसऱ्या दिवशी सिस्टर लघवीची पिशवी घेऊन उभी राह्यली. पिशवी कोरडी होती.

"किडनी फेल्युअर," डॉक्टरीणबाई म्हणाली. रक्त साफ करणारे मूत्रपिंड बंद पडले. एकतर रक्त कमी झालं, त्यात त्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा ओघही आवळतात. रक्त साफ करायची मशीन नागपूरले होती. गाडी सांगितली. भागरथाचं तोंड सुजलं, माणसं ओळखेनाशी झाली. मधातच एकदा तिनं मले विचारलं, "परे उरले का जी?" मी म्हटलं, सगळे लागले. ते खोटं होतं. गाडी यायच्या आधी दुपारी ती गेली.

कौसाबाई मातीले आली, मी तिच्याकडं पाह्यलं नाई. सालभर बोललो नाई. ती रस्त्यानं आली की मी घरात जाई. पण पुढच्या रोवणीले मी विहारात वाचन संपल्यावर उठून बायांले सारं सांगितलं. दुखण्याची गोळी उपाशीपोटी घेऊ नका. रोज घेऊ नका. डॉक्टरले विचारून घ्या. अन् शौच उजेडात पाहा. बाया पदरात तोंड घालून हासल्या. एक म्हणाली, "बुढ्याले दुसरा धंदा नाई." मी म्हटलं, नाई. आहे तो हाच.

धानाले लोंब्या आल्या तेव्हा कौसाबाई दारात येऊन उभी झाली. आत आली नाई.

"भाऊ, उजेडात पाह्यलं मी. काळी हाये."

मी टोपी घातली अन् तिच्या घरच्यांले घेऊन तिले चांद्याले नेलं. तीच डॉक्टरीणबाई होती. जखम लहान निघाली. ऑपरेशन लागलं नाई, औषधावर भागलं. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाई. भागरथाच्या वेळीही तिनं हात टेकले नव्हते.

परत येताना एस.टी.त कौसाबाई माझ्या बाजूच्या सीटवर बसली. मूल गाव मागं पडलं तेव्हा म्हणाली, "भाऊ, मी तिले जाणून देली नाई."

"माहीत आहे," मी म्हटलं. "तूही खातच होती."

राग गेला का, ते मले सांगता येत नाई. तिच्या मांडीवर औषधाची पिशवी होती. ती घसरून राह्यली होती, म्हणून मी माझ्याकडं घेतली अन् सावली येईस्तोवर धरून बसलो.