ढोलकीवर घेतलेला आळ

आमच्या तमाशाच्या फडात याकोब ढोलकी वाजवायचा. सोनईचा, ख्रिस्ती घरातला. कमरेला ढोलकी बांधून असा ताठ उभा राहायचा, की पुढं नाचायची मी आणि शिट्ट्या पडायच्या त्याला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्याच्या थापेनंच माझी पावलं शहाणी झाली होती.

तिशीच्या आत त्याची पाठ धरली, मग वाकत गेली. उभ्यानं ढोलकी पेलून कणा गेला, असं फडातले सगळे जुने वादक म्हणायचे. याकोबनं ते खरं मानलं. त्याची लहानगी लेक एस्तेर ढोलकीला हात लावू लागली, तेव्हा त्यानं ढोलकी दुसऱ्याला देऊनच टाकली. पोरगी पत्र्याचा डबा बडवायची, तोही काढून घ्यायचा. मला म्हणायचा, "माजं मोडलं ते मोडलं, बनुबाई. हिची पाठ सरळ राहू द्या." हात मात्र सुरेख होता पोरीचा.

आता एस्तेर नेवाशाला शाळेत शिकवते. गेल्या हिवाळ्यापासून सकाळी तिची कंबर लाकडासारखी होते, चाललं-फिरलं की सैल पडते. याकोबनं हे ओळखलं आणि त्याचं जेवणच तुटलं. नगरच्या डॉक्टरांकडं दोघांचं रक्त तपासलं. मी सोबत होते.

डॉक्टर म्हणाले, दोघांच्या जनुकांत एकच बदल आहे. तो असलेल्या पुष्कळांना काही होत नाही. काहींच्या शरीराची रोगाशी लढणारी ताकद मात्र आपल्याच मणक्यावर उलटते. औषधानं, व्यायामानं आवरतं, मुळातून जात नाही.

"आन् ढोलकी?" याकोबनं विचारलं.

"तिचा काय संबंध?"

परतताना एसटीत एस्तेर मला म्हणाली, "बघा मावशी, पप्पांनी द्यायची ती ढोलकी दिली नाही, नको ते दिलं."

ती हसली. याकोब खिडकीकडं बघत म्हणाला, "हे माज्या हातात असतं, तर दिलं असतं व्हय गं?"

तिनं त्याचा हात धरला.

त्या रात्री मी त्यांच्याकडंच राहिले. सकाळी एस्तेरला जमिनीवरच्या अंथरुणातून उठता येईना. याकोब जवळ गेला, हात पुढं केला. पण त्याला वाकता येईना. तिची बोटं त्याच्या बोटांपर्यंत पोचेनात. माझे गुडघे असे, की मी बसले तर मलाच उठवावं लागतं.

"राहू द्या पप्पा," एस्तेर म्हणाली.

त्याची बायको मरिया पाण्याला गेली होती. याकोब हात तसाच पुढं धरून उभा राहिला.