भट्टीच्या वहीतले सात तास

मी धुळ्यात, देवपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. दरवर्षी एका तासाला माझा आवाज बसतो. पोरांना वाटतं मॅडमना सर्दी झाली. तो तास स्पिन आइसचा असतो.

विषय तसा गोड आहे. काही स्फटिकांत चार-चार अणू त्रिकोणी पिरॅमिडच्या चार टोकांवर बसलेले असतात आणि प्रत्येक अणू म्हणजे एक इवलासा चुंबक, त्यालाच स्पिन म्हणायचं. दोघं आत तोंड करतात, दोघं बाहेर. पाण्याच्या बर्फात प्रत्येक ऑक्सिजनला दोन हायड्रोजन जवळ आणि दोन लांब असतात, तसंच हे, म्हणून नावात आइस. एका घरात चार जावा राहाव्यात, तशी गत. कशाही बसवा, कुणाची तरी नाराजी उरतेच, आणि नाराजी सारखीच ठेवणाऱ्या बैठका ढीगभर निघतात. त्यामुळे कितीही थंड केलं तरी या चुंबकांना एकच एक शिस्त लागत नाही. याला आम्ही फ्रस्ट्रेशन म्हणतो. इथवर मी छान शिकवते. पुढे एखादं पोरगं विचारतं, "मॅडम, असा स्फटिक तुम्ही बनवलाय का?" तिथे माझी बोबडी वळते.

जळगावला मी पीएचडी करत होते तेव्हाची गोष्ट. माझ्या हाताखाली धरणगावकडची एक मुलगी होती, कापूस पिकवणाऱ्या घरातली. भाऊबंद म्हणत होते, लग्न करून टाका. तिचे वडील, आबा, म्हणाले, दोन वर्षं देतो, काहीतरी करून दाखव. त्यातलं दीड वर्ष संपलं होतं. तिने पावडरी तोलल्या, खलल्या, प्लॅटिनमच्या मुशीत भरल्या आणि मूस भट्टीत ठेवली. असा स्फटिक घाईने वाढत नाही. भट्टी तासाला दोन अंश, एवढ्याच गतीने गार करायची, अठरा दिवस. मध्येच एकदम गार झाली की स्फटिक बारीक येतात, पोटात घाण धरतात. म्हणून भट्टीजवळ पाळ्या लावलेल्या. वीज गेली की जनरेटरचा खटका हाताने ओढायचा, आणि दर तासाला तापमान वहीत लिहायचं.

आता आमच्या लॅबची एक वाईट खोड सांगते. तासाला दोन अंशच उतरायचे, म्हणजे पुढचा आकडा कुणालाही ठाऊक. मग आम्ही सगळेच आकडे आधी लिहून ठेवायचो. ती मुलगी सोडून सगळे.

थंडीतला रविवार होता, पाळी माझी. मैत्रिणींनी शेतात भरीत पार्टी ठेवली होती. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी. जळगावात राहून याला नाही म्हणणारा माणूस मला दाखवा. मी सकाळीच पुढच्या सात तासांचे आकडे लिहिले, वेगवेगळ्या पेनांनी, आणि गेले. एवढी अक्कल मात्र होती मला!

संध्याकाळी परत आले तर भट्टीवर भलताच आकडा. वीज कधीतरी जाऊन आली होती आणि भट्टी बंदच राहिली होती. वहीत जे तापमान लिहिलं होतं तिथवर मी भट्टी परत चढवली. लिहिलेलं खोडलं नाही. कुणाला सांगितलंही नाही. शिष्यवृत्तीचं पत्र यायचं होतं माझं, आमचे मार्गदर्शक सर काय म्हणतील याची भीती होती. खरं कारण एवढंच, आणि ते फार छोटं आहे.

स्फटिक निघाले ते धुरकट. त्यातल्या त्यात स्वच्छ दोन तिने निवडले. महिन्याभराने बाहेरच्या मोठ्या प्रयोगशाळेत, अतिथंड तापमानाला, मोजणी झाली. स्पिन आइसची खूण आली ती अगदी पुसट. सरांनी भट्टीची वही मागवली. वही कशी, लख्ख. "मग वजनातच घोळ केलास तू," सर तिला म्हणाले. मी शेजारीच उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं, मी भट्टीकडे.

मोजणीची तारीख परत मिळाली नाही. तिची दोन वर्षं भरली. सामान न्यायला आबा आले, तेव्हा ती त्यांना म्हणाली, "आबा, मन्हंच काही चुकनं." आबांनी सामान उचललं. मला मात्र म्हणाले, "ताई, तुम्ही लई जीव लावला पोरीला." मी त्यांना चहा पाजला.

यंदा मी शिरपूरला गेले. ती तिथल्या शाळेत विज्ञान शिकवते. वर्गाच्या दारातून ऐकलं, ती मुलांना सांगत होती, "वजन तीनदा करा. मी एकदा निष्काळजीपणा केला आणि माझं शिक्षण तिथेच थांबलं." मुलं माना खाली घालून तोलत होती. मला वाटलं, आल्या पावली परत जावं. गेले नाही. मधल्या सुट्टीत, बाकावर तिच्या शेजारी बसून, भरितापासून वहीपर्यंत सगळं सांगितलं.

तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "आबा मागच्या वर्षी गेले. त्यांना शेवटपर्यंत वाटत होतं, पोरीचाच हात चुकला."

"त्या संध्याकाळी मला खोलीवर येऊन सांगायचं होतं ना, ताई," ती म्हणाली. आवाज चढलाही नव्हता. "मोजणीला महिना होता. मी दुसरी मूस लावली असती. अठरा दिवस तर लागतात."