चादरीखालचे चार हात

शहाद्याला भावाच्या ओट्यावर मी शेंगा फोडत बसले होते. आमच्या घरचा गाडीवान आला आणि बैल सोडायच्या आधीच टोपी काढून उभा राहिला. ताप डोक्यात गेला, जिजी गेली, म्हणाला. जिजी म्हणजे माझी मोठी जाऊ. अशा वेळी माणसाला रडू यावं. मला घाम फुटला. रडू मागाहून, गाडीत आलं. आधी मनात आलं ते इतकंच, की आता गावात एखादीचा खांदा निखळला तर...

प्रकाश्याच्या अलीकडे, तापीकाठी आमचं गाव. विहिरीवर पाय घसरला, कापसाचा भारा उचलताना सांधा निसटला, तर पुरुषांना हाड बसवणारे पुष्कळ. बायका मात्र जिजीकडे यायच्या. ही विद्या तिला तिच्या आईनं दिलेली. जिजीला मुलगी नव्हती, म्हणून ती विद्या माझ्या गळ्यात पडली, आणि मी तर दुसऱ्याच्या पायातला काटा काढतानाही डोळे मिटून घेणारी. दुपारी भांडी झाली की जिजी गोधडीखाली तुरीचा एक दाणा सरकवायची आणि वरून बोटांनी शोधायला लावायची. सापडला की वर आणखी एक गोधडी. माझी बोटं दाणा सोडून सगळीकडे फिरायची. "दाना धुंडी ऱ्हायनी का कनिक मळी ऱ्हायनी?" ती विचारायची, आणि ओसरीवर सासूबाई तोंडाला पदर लावून हसायच्या.

तिची स्वतःची रीत मोठी शांत. बाई आली की अंगावर चादर घालायची, कोमट एरंडेल हाताला लावायचं, आणि आधी धड खांदा चाचपायचा. दुखरा कसा असायला हवा ते धडच सांगतो, म्हणायची. मग सहज विचारायची, "सासू कशी शे?" बाई सांगायला लागली की तिचं अंग आपोआप सैल पडायचं. सासूपुराण ऐन रंगात आलं की जिजी हात खेचायची. कट् असा आवाज व्हायचा. बाई किंचाळायची, आणि तिच्याआधी मी.

एक दिवस ती भाकरी टाकत होती आणि मी शेजारी पीठ मळत होते. बोलता बोलता तिनं डावा हात तव्याच्या कडेला टेकवला आणि तो तसाच राहिला. कातडी भाजल्याचा वास आला तेव्हा मीच तो ओढून काढला. तिनं बोटांकडे पाहिलं, मग दाराकडे. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"मन्हा बोटेसले काहीच समजत नही, अनसू," ती म्हणाली. "बराच दिनपासून नही. कोनले सांगू नको."

बधिर बोटं म्हटलं की आमच्याकडे एकच रोग लोकांच्या तोंडी यायचा. त्या रोगाची एक बाई गावाबाहेर झोपडीत राहायची. तिची पोरं दुरून भाकरी ठेवून पळत यायची. जिजीच्या अंगावर त्या रोगाचा डाग कधीच उठला नाही, हे आज सांगता येतं. तेव्हा मात्र तिची पाठ चोळताना दर वेळी माझी नजर डाग शोधायची, आणि सापडू नये म्हणून मी दिवा लांब ठेवायची.

हाड बसवणं थांबवावं, तर लोक कारण विचारणार. मग तिनंच तोड काढली. चादरीखाली माझे हात खाली, तिचे माझ्या हातांवर. बोलायची ती, चाचपायची मी. दाबायचं कुठे ते मी मानेनं सांगायची, ती हुंकार द्यायची. बाहेर बसलेल्यांना जिजीच दिसायची. आशीर्वाद तिला, धडधड मला... वर्षानुवर्षं. कोणी म्हणालं, "अनसू काय करस वं तठे?" तर ती सांगायची, "तेल धरस."

तेराव्यानंतर मी कोणापुढे हात काढला नाही. गेल्या आठवड्यात शेजारची मथुरा आली, ओला ओटा उतरताना पडलेली, उजवा हात डाव्या हातानं सावरून धरलेला. मी म्हटलं, दुसऱ्या गावी जा, मला यातलं काही येत नाही. ती दारातच खाली बसली. वेदनेनं तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"वैनी, मन्हा खांदा मागे कोनी बसाडा व्हता?"

"जिजीनी."

"जिजीना हात थंडा ऱ्हाये. मन्हा आंगले लागे तो थरथरे. तो तुन्हा." आणि जरा थांबून, "आम्ही समद्या वळखी ग्यात. बोलनूत नही. जिजीले कोनी गावबाहेर काढाले नको."

मी चादर आणली. तिचा धड खांदा चाचपला, मग दुखरा. हात थरथरतच होते. सासूबद्दल विचारलं, तर मथुरा म्हणाली, ती तर मागल्या वर्षीच मेली, आता सुनेचं विचार. खांदा बसला. ती किंचाळली, मी नाही.

हात मागे घेतले तेव्हा लक्षात आलं, चादर घालताना मी ती मधोमध सैल सोडली होती. माझ्या हातांवर आणखी दोन हात मावतील इतकी.