येणाऱ्या गाडीच्या नावाने

तेव्हा रत्नागिरीत रेल्वे नव्हती, नुसती चर्चा होती. एसटी स्टँडामागच्या माडीच्या दुकानात रजेवर आलेला एक खलाशी मला एकदाच भेटला. मी शाळामास्तर आहे कळल्यावरही त्याने हाताला धरून शेजारी बसवलं. त्याचा डावा हात टेबलावरच्या पेल्यावरून हलत नव्हता, डोलत्या बोटीवर पेला सांभाळायची सवय.

उजव्या हाताचं बोट माडीत बुडवून त्याने टेबलावर एका विलायती शहराचं स्टेशन काढलं आणि भोवती सहा टिंबं. "मास्तर, हे सगळे गुत्ते. गाडी लागली की माणसं पंगतीला धावल्यासारखी आत शिरतात. ओळखपाळख नाही, तरी गळ्यात गळे घालून गातात."

पिण्याआधी भुईला दोन थेंब द्यायची आपली रीत त्याने तिथेही पाळली होती. तिथली मालकीण आधी सांडलं समजून फडकं घेऊन धावली. कारण कळल्यावर तिनेही बोट बुडवलं, मग सगळ्या गुत्त्याने.

"आपल्याकडे पण होणार हां असं," तो म्हणाला.

"पण गाडी कुठाय?"

त्याने पुन्हा बोट बुडवलं आणि भुईवर दोन थेंब शिंपडले. "हे तिच्या नावाने."

मीही माझ्या पेल्यात बोट बुडवलं.